निकालाआधीचे निकालपत्र

लास वेगास येथे शनिवारची संध्याकाळ कलू लागते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ चांगली वर आलेली असते. आणि त्यामुळे मिक्स्ड मार्शल आर्ट्स ऊर्फ एमएमए या नावाने जगभर प्रसिद्ध असलेल्या ज्या झुंजी तेथील प्रेक्षक मद्याच्या पेल्यांच्या साक्षीने पाहतात, त्याच झुंजी पुण्याचा, नाशकाचा किंवा नागपूरचा रसिक मुखमार्जन उरकून, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन पाहतो. पंचांगाच्या हिशेबाने तो त्या मल्लांच्या पूर्ण एक वार पुढे असतो. भविष्य आपल्याला इतरांच्या आधी कळते, अशी जी त्याची प्रामाणिक समजूत असते, तिला एवढा भौगोलिक आधार आहे; याहून अधिक सबळ आधार मला शोधूनही सापडलेला नाही.

अर्थात हा रसिक जगात एकटा नाही. डब्लिनच्या मद्यगृहांत, रिओच्या गल्ल्यांत आणि दागेस्तानातील माखाचकला शहरी त्याचे असंख्य सहोदर आपापली भाकिते घेऊन सज्ज असतात, आणि भाषा, धर्म, आहार यांपैकी काहीही समान नसताना या सर्वांना एका सूत्रात ओवणारा गुण म्हणजे निःशंकता. ज्याला त्या तीस फूट रुंदीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात प्रत्यक्ष पाऊल ठेवायचे असते, त्याची गोष्ट निराळी. कॅनडाचा थोर विजेता जॉर्ज सेंट-पिएर याने झुंजीआधी आपल्याला वाटणारी भीती कधीही लपवून ठेवली नाही. मात्र ७ एप्रिल २००७ रोजी ह्यूस्टन येथे मॅट सेरा या प्रतिस्पर्ध्याशी त्याची गाठ पडली, तेव्हा त्याच्या चाहत्यांना भीतीचा लवलेशही नव्हता. सेरा हा एका दूरदर्शन मालिकेतील स्पर्धा जिंकून विजेतेपदाच्या झुंजीपर्यंत पोहोचलेला गृहस्थ असल्यामुळे ही झुंज म्हणजे केवळ दप्तरी उपचार आहे, यावर जाणत्यांचे एकमत झाले होते. त्या गृहस्थाने पहिल्याच फेरीत सेंट-पिएरला ठोशांनी लोळवले. म्हणजे त्या रात्रीच्या घटनेविषयी ज्याचा अंदाज वस्तुस्थितीच्या जवळपास होता असा प्रमुख मनुष्य, ज्याला भीती वाटत होती तोच.

वास्तविक हा सारा खेळ जन्माला आला तोच मुळी एक जुना वाद कायमचा मिटवण्याच्या सद्हेतूने. कराटे श्रेष्ठ की मुष्टियुद्ध, सुमो श्रेष्ठ की जुजुत्सू, या प्रश्नावर पिढ्यान्पिढ्या चाललेला काथ्याकूट प्रत्यक्ष प्रमाणाने निकालात काढावा म्हणून १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरी आठ मल्लांना, वजनाचा काहीएक विधिनिषेध न बाळगता, एका पिंजऱ्यात एकामागून एक सोडण्यात आले. प्रारंभीच पावणेदोनशे किलोंहून अधिक वजनाचा सुमोपटू टेइला टुली हा हॉलंडच्या जेरार्ड गोर्दोवर चालून गेला, आणि ‘वजनापुढे कोणाचे काय चालणार’ हे वाक्य प्रेक्षकांच्या ओठांवर येते न येते तोच गोर्दोच्या लाथेने टुलीचा दात उडवून २६ सेकंदांत प्रकरण मिटवले. शेवटी त्या सर्वांत जो जिंकला तो रॉइस ग्रेसी हा ब्राझीलचा ऐंशीएक किलोंचा, अंगात पांढरा झगा घातलेला आणि चेहऱ्यावरून कारकून वाटावा असा तरुण. त्याने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले. वाद मिटला असे आयोजकांना वाटले असेल. प्रत्यक्षात पूर्वी एक वाद होता त्याचे त्या रात्रीपासून शंभर झाले, आणि त्यांचे पीक आजतागायत दर शनिवारी निघत आहे.

त्या रात्रीचा मला सर्वांत प्रिय असलेला मल्ल मात्र ग्रेसी नव्हे. आर्ट जिमरसन नावाचा एक मुष्टियोद्धा त्या स्पर्धेत एकाच हातात मुष्टियुद्धाचा हातमोजा घालून उतरला. मोजा घातलेल्या हाताने ठोसा मारता यावा आणि प्रतिपक्षाने मिठी मारल्यास उघड्या हाताने त्याला सोडवता यावे, अशी ती दूरदर्शी तजवीज होती. एका हाताने एक भाकीत आणि दुसऱ्या हाताने नेमके विरुद्ध भाकीत धरून रणांगणात उतरणारा हा जगातील बहुधा एकमेव वीर! ग्रेसीने त्याला खाली पाडून त्याच्या छातीवर ठाण मांडले, तेव्हा दोन्ही हातांची मते जुळून त्याने शरणागती पत्करली. आजचा चतुर भाकितकार याच जिमरसनाचा वंशज आहे. ‘अमुकच जिंकणार, यात तिळमात्र संशय नाही, मात्र तमुकचा एखादा ठोसा बसला तर काही सांगता येत नाही,’ असे जेव्हा तो गंभीरपणे सांगतो, तेव्हा त्याच्या एका हातातील मोजा मला स्पष्ट दिसू लागतो.

भाकितकारांच्या संप्रदायांत सर्वांत जुना आणि प्रतिष्ठित संप्रदाय शैलीवाद्यांचा. ‘झुंज शैलीवर ठरते’ हे त्यांचे बीजवाक्य असून निकालाच्या आधी आणि निकालाच्या नंतर ते सारख्याच समाधानाने उच्चारता येते, ही त्याची मोठी सोय आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे राँडा राउझी आणि हॉली होम यांची झुंज ५६,२१४ प्रेक्षकांच्या उपस्थितीत झाली. राउझी ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेली जूडोपटू. तिच्या आधीच्या तीन झुंजी अनुक्रमे १६, १४ आणि ३४ सेकंदांत आटोपलेल्या. आणि होम पूर्वाश्रमीची मुष्टियोद्धी. ‘होम दूर राहून ठोसे मारू पाहील, राउझी तिला गाठील, कवटाळील, पाडील आणि हात पिरगाळील, कारण झुंज शैलीवर ठरते,’ असा शैलीवाद्यांचा निर्वाळा होता. प्रत्यक्षात राउझी पहिली संपूर्ण फेरी होमच्या मागे धावत राहिली, होम बाजूला सरकत राहिली, आणि दुसऱ्या फेरीचे पहिले मिनिट भरण्याआधी होमच्या डाव्या पायाची लाथ बसून राउझी कोसळली. शैलीवाद्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग त्याच धीरगंभीर स्वरात सांगितले की, मुष्टियोद्ध्याच्या मागे धावणाऱ्या जूडोपटूची ही अशीच गत व्हायची. कारण झुंज शैलीवर ठरते.

दुसरा संप्रदाय गणितींचा. यांची श्रद्धा अशी की, ‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले, की ‘अ’ने ‘क’ला हरवणे ही केवळ हुकमाची तामिली उरते. धूर दिसला की पर्वतावर अग्नी असणारच, या नैयायिकांच्या अनुमानाइतकेच हे अनुमान त्यांना निर्दोष वाटते. आता दाखले तपासू. डिसेंबर २०१४ मध्ये राफाएल दोस आंजोसने नेट डिआझला हरवले. मार्च २०१६ मध्ये त्या डिआझने, अवघ्या अकरा दिवसांच्या सूचनेवर येऊन, आयर्लंडच्या कॉनर मॅक्ग्रेगरचा गळा आवळून त्याला शरण आणले. जुलै २०१६ मध्ये एडी अल्व्हारेझने दोस आंजोसला पहिल्याच फेरीत गारद केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे मॅक्ग्रेगरने अल्व्हारेझला. म्हणजे मॅक्ग्रेगर अल्व्हारेझपेक्षा श्रेष्ठ, अल्व्हारेझ दोस आंजोसपेक्षा, दोस आंजोस डिआझपेक्षा आणि डिआझ मॅक्ग्रेगरपेक्षा. घाण्याच्या बैलाप्रमाणे हे गणित फिरून निघाल्या जागी येते, आणि मॅक्ग्रेगर हा मॅक्ग्रेगरला सहज हरवील, असा सिद्धांत हाती उरतो. त्यानंतरचा मॅक्ग्रेगरचा इतिहास पाहता, सगळ्याच संप्रदायांच्या भाकितांत हेच एक पुढे बरेचसे खरे ठरले, असे म्हणावे लागते.

तिसरा संप्रदाय मुखलक्षण पाहणाऱ्यांचा. झुंजीच्या आदल्या दिवशी मल्लांची वजने होतात. बहुतेकांनी अंगातले पाणी घामावाटे काढून काही किलो घटवलेले असल्यामुळे त्या वेळी त्यांचे चेहरे महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखे दिसतात, आणि त्या ओढलेल्या गालांवरून हे सामुद्रिक दुसऱ्या दिवशीचा निकाल वाचतात. ‘डोळे पाहा त्याचे, मेला हा!’ असे एकाविषयी आणि ‘डोळे पाहा त्याचे, मारणार हा!’ असे दुसऱ्याविषयी बोलले जाते. डोळे दोघांचेही सारखेच खोल गेलेले असतात. या काट्यावर केवळ मल्लांचीच नव्हे, भाकितांचीही वजने होतात, हे सप्टेंबर २०२२ मध्ये प्रत्ययास आले. खमझत चिमाएव हा तरुण मल्ल नेट डिआझशी लढायचा होता. १७१ पौंडांची मर्यादा असताना काट्यावर उभा राहिला तो १७८.५ पौंडांचा. झुंजीला एक दिवस उरला असताना आयोजकांनी जोड्याच बदलल्या, सहा मल्लांचे प्रतिस्पर्धी फिरले, आणि महिनाभर घासूनपुसून तयार केलेली लक्षावधी भाकिते एका फर्मानासरशी रद्दबातल झाली. शोक करायला मात्र कोणी थांबले नाही. नव्या जोड्या जाहीर होऊन तास उलटला नसेल तोच त्यांचेही निकाल तितक्याच ठामपणे जाहीर होऊ लागले. जे ज्ञान मिळवायला आधी महिना लागला होता ते आता तासात कसे मिळाले, हा प्रश्न विचारण्याचे धार्ष्ट्य कोणी केले नाही.

चौथा संप्रदाय रणनीतिज्ञांचा, आणि तो प्राय: घरोघरी आढळतो. मल्लाने काय करावे हे या मंडळींना मल्लाच्या गुरूहून अधिक कळते, आणि त्यांचा उपदेश थोडक्यात असा असतो की ठोसेबाजाला खाली पाडावे, कुस्तीगिराला खाली पाडू देऊ नये, दमणाऱ्याला दमवावे आणि न दमणाऱ्याला लवकर संपवावे. माझ्या ओळखीच्या एका घरात महाविद्यालयात जाणारा असाच एक रणनीतिज्ञ आहे, आणि त्याच्या दुर्दैवाने त्याच घरात त्याचे आजोबाही आहेत, ज्यांची नजर शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील तांबड्या मातीवर तयार झाली. एका रविवारी त्या दोघांचा झालेला संवाद मी शक्य तितका जसाच्या तसा देतो.

“आबा, लिहून ठेवा. पहिल्या राउंडला टेकडाउन, दुसऱ्या राउंडला चोक. फाइट संपली.”

“तसं त्यानं तुला कळवलंय व्हय?”

“अहो, तो दागेस्तानचा आहे. तिकडचे सगळे असेच लढतात.”

“मग समोरच्यालाबी ते ठावं असंल की.”

“ठाऊक असून काय उपयोग? त्याचा टेकडाउन डिफेन्स फक्त साठ टक्के आहे!”

“म्हंजी धा येळा पट काढला तर सा येळा त्यो हाणून पाडतोय. आजचा दिस त्या सा येळातला का उरलेल्या चारातला, ते लिवलंय का तुज्या फोनात?”

“तुम्ही सांगा ना मग कोण जिंकणार ते!”

“सांगतो की. जरा घाम निघू द्या दोघांचा.”

“घाम निघाल्यावर कोणीही सांगेल, आबा.”

“मग तवर गप बस. पोहं गार व्हाय लागल्यात.”

हा उपदेश अमलात येईल तर एक अख्खी विद्याशाखा बंद पडेल. शिवाय घाम निघाल्यानंतरही निर्धास्त राहण्याची सोय नाही, हे २० ऑगस्ट २०२२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे दिसून आले. नायजेरियात जन्मलेला विजेता कमारू उस्मान आणि इंग्लंडचा लिऑन एडवर्ड्स यांच्या पाच फेऱ्यांच्या झुंजीत चार फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर उस्मान पुढे होता. पाचवीही संपत आली. एडवर्ड्स खचला आहे, त्याने मनाने हार पत्करली आहे, यावर समालोचकांसकट सर्वांची सहमती होऊन काही रणनीतिज्ञ चहा ठेवायला उठलेही असतील. आणि ५६ सेकंद उरले असताना एडवर्ड्सने डाव्या हाताची हूल देऊन डाव्याच पायाची लाथ उस्मानच्या मस्तकावर अशी मारली की, चोवीस मिनिटांचा सारा जमाखर्च तेथल्या तेथे निकालात निघाला. चहा उकळेपर्यंत रणनीतिज्ञांची नवी उपपत्ती तयार होती: एडवर्ड्स या एका लाथेसाठी तीन फेऱ्या मुद्दाम हरत आला होता!

येथे मला या शास्त्राचे मर्म सापडले असे वाटते. भाकितकाराची खरी प्रतिभा भाकितात प्रकट होत नाही. भाकीत कोणीही करील. दोघांपैकी एकाचे नाव घ्यायचे असल्याने नाणे फेकणाऱ्याचीही निम्मी भाकिते खरी ठरतील. निकाल विरुद्ध गेल्यावर जी कैफियत दाखल करावी लागते, तिच्यात या पुरुषाचा खरा कस लागतो. ब्राझीलचा झोसे आल्डो हा दहा वर्षे अपराजित राहिलेला विजेता आणि मॅक्ग्रेगर यांच्या झुंजीची चर्चा, मध्यंतरी आल्डोच्या बरगडीला दुखापत होऊन तारीख तहकूब झाल्यामुळे, जवळजवळ वर्षभर चालली. आल्डोच्या पायाच्या लाथा, मॅक्ग्रेगरचा डावा हात, पाचव्या फेरीत कोणाचा दम टिकेल, या प्रत्येक मुद्द्यावर ग्रंथ व्हावेत इतके बोलून झाले. १२ डिसेंबर २०१५ रोजी ती झुंज तेरा सेकंद चालली. पाचव्या फेरीतील दमावर ज्यांनी व्यासंग केला होता, त्यांची मन:स्थिती काय झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. परंतु ते डगमगले नाहीत. ‘आल्डो रागावला होता, म्हणून धावून गेला, धावून गेला, म्हणून ठोसा बसला, तो जर रागावला नसता, तर माझे म्हणणे अक्षरश: खरे ठरले असते,’ अशी कैफियत तत्काळ दाखल झाली. या कैफियतीतील ‘जर’ हा शब्द मालमत्तेच्या दस्तऐवजातील कुलमुखत्याराप्रमाणे सर्वाधिकारी असतो. वजन घटवताना शक्ती गेली, जुनी दुखापत बळावली, बरेच दिवस पिंजऱ्याबाहेर राहिल्याने अंग गंजले, गुरू बदलला, गुरू बदलला नाही: अशा साक्षीदारांची एक फौज सदैव कचेरीच्या ओट्यावर बसलेली असते, आणि पुकारा झाला की त्यातला कोणीही शपथेवर जबानी द्यायला उभा राहतो.

निकाल पंचांच्या गुणांवर गेला, तर कैफियतीचे रूपांतर थेट फिर्यादीत होते. तीन पंच प्रत्येक फेरीला स्वतंत्र गुण देतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ. नोव्हेंबर २०१३ मध्ये सेंट-पिएर आणि जॉनी हेंड्रिक्स यांच्या झुंजीत दोन पंचांनी ४८-४७ असे सेंट-पिएरच्या आणि तिसऱ्याने त्याच आकड्यांनी हेंड्रिक्सच्या बाजूने मत दिले. झुंज पंचवीस मिनिटांत संपली. खटला अजून चालू आहे. दरोडा पडला, असा आरोप करणाऱ्यांत झुंजीच्या वेळी जन्मालाही न आलेली मुले उद्या दाखल झाली, तरी मला नवल वाटणार नाही. मात्र पंचांविषयीचा हा अविश्वास सर्वकाळ सारखा नसतो, हेही नमूद केले पाहिजे. मुंबईचा भरत खंडारे हा नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे एमएमएच्या सर्वोच्च स्पर्धेत उतरणारा भारतात जन्मलेला पहिला मल्ल ठरला, त्या दिवशी आपल्याकडील कठोरातल्या कठोर शैलीवाद्यानेही शास्त्र बाजूला ठेवून देव पाण्यात ठेवले होते. पहिल्याच फेरीत खंडारेचा गळा आवळला गेला आणि शास्त्राला पुन्हा बाहेर काढावे लागले. पुढे जून २०२४ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे पूजा तोमर ही त्या स्पर्धेत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, तीही दोन विरुद्ध एक अशा पंचमताने. त्या रविवारी पंचांची नि:पक्षपाती दृष्टी, त्यांचा व्यासंग आणि त्यांच्या निवाड्यातील सूक्ष्मता यांविषयी आपल्याकडे जे गौरवोद्गार निघाले, ते हेंड्रिक्सच्या चाहत्यांनी ऐकले असते तर त्यांना रडू कोसळले असते.

हे सर्व पाहिल्यावर असा प्रश्न पडतो की या जाणकारांना निकाल हवा तरी असतो का? माझी शंका अशी की निकाल ही त्यांच्या मार्गातील एक अपरिहार्य अडचण आहे, आणि ती टळेल तर त्यांच्या आनंदाला पारावार राहणार नाही. याला पुरावा आहे. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव आणि कॅलिफोर्नियाचा टोनी फर्ग्युसन यांची झुंज पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. २०१५ मध्ये खबीबची बरगडी दुखावली. २०१६ मध्ये फर्ग्युसनच्या फुप्फुसाला अपाय झाला. २०१७ मध्ये वजन घटवता घटवता खबीब रुग्णालयात पोहोचला. २०१८ मध्ये दूरदर्शनच्या चित्रणगृहात जमिनीवरच्या तारेत पाय अडकून फर्ग्युसनचा गुडघा निकामी झाला, आणि ही वार्ता १ एप्रिल रोजी प्रसिद्ध झाल्यामुळे ती खरी आहे हे पटायलाच लोकांना वेळ लागला. २०२० मध्ये साऱ्या पृथ्वीवर महामारी आली. त्यानंतर खबीब एकोणतीस झुंजी जिंकून, एकही न हरता, निवृत्त झाला आणि फर्ग्युसन लागोपाठ आठ झुंजी हरला.

सामान्य माणसाला वाटेल की हा पुरावा पुरेसा आहे. पण सामान्य माणूस या शास्त्रात अधिकारी नव्हे. ‘आजचा फर्ग्युसन सोडा, २०१८ चा फर्ग्युसन, पाठीवर पडल्यापडल्या कोपराने कपाळ फोडणारा, त्याच्यापुढे खबीबचे काय चालले असते?’ असा सवाल एक पक्ष करतो, आणि ‘पाठीवर पडला असता तर उठलाच नसता,’ असा जबाब दुसरा पक्ष देतो. हा एकच विषय असा आहे की ज्यात आजवर कोणाचेही भाकीत चुकलेले नाही, कोणालाही कैफियत द्यावी लागलेली नाही, पंचांवर आळ आलेला नाही, आणि दोन्ही पक्ष अपराजित आहेत. घडलेल्या झुंजी लोक विसरतात. या न घडलेल्या झुंजीची प्रत्येक फेरी त्यांना तोंडपाठ आहे. उद्या काही चमत्कार होऊन दोघांच्या सहाव्या गाठीची तारीख जाहीर झालीच, तर त्या दिवशी चित्रणगृहातील साऱ्या तारा नीट गुंडाळून ठेवल्या जाव्यात अशी प्रार्थना करणाऱ्यांत जाणकार किती असतील, याविषयी एक भाकीत मीही नोंदवून ठेवतो, आणि त्यासाठी कोणत्याही ‘जर’ची सवलत मागत नाही: एकही नाही.